मुलाचं एएफपी थोडं वाढलं म्हणजे गाठ परत आली का?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा तीन वर्षांचा व्हायला आलाय. चौदा महिन्यांचा असताना पोट फुगलं म्हणून दाखवलं तर लिव्हरमध्ये गाठ निघाली, हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांचा लिव्हरचा कॅन्सर. केमो झाली, ऑपरेशन झालं, परत केमो झाली, सगळं संपून वर्ष होत आलं. दर खेपेला रक्तातलं एएफपी बघतात, ह्या गाठीचा माग देणारं एक प्रोटीन. गेल्या खेपेला बेळगावात केलं ते ५.४ आलं, ह्या खेपेला कोल्हापूर जवळ पडतं म्हणून तिकडं केलं तर ९.८ आलं, आणि पुढं लाल अक्षरात 'एच', म्हणजे हाय, मर्यादेच्या वर. लॅबमधल्या माणसानं सांगितलं वाढलंय, आता सगळ्या कॅन्सरचं पॅकेजच करून घ्या. आजी म्हणायलीय गाठ परत आली, वडील म्हणायलेत मुंबईचं तिकीट काढतो. शेजारच्या मुलीला किडनीची गाठ होती, तिचं पण एएफपी करायला सांगावं का असंही विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ, मागच्या महिन्यात त्याला कावीळ झाली होती, आता बरी आहे.

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ ती शेवटचीच आहे, तिच्याकडं येते. मी बेळगावात लहान मुलांच्या कॅन्सरचंच काम करते आणि हा प्रश्न ओपीडीत इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहून टाकावा असं कधीपासून मनात होतं. आधी तुमचं उत्तर. ह्या दोन आकड्यांवरून गाठ परत आली असं कुणालाच म्हणता येणार नाही. हे सोडून देण्यासारखं पण नाही. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून दोन्ही रिपोर्ट पाठवा, आणि दोन-तीन आठवड्यांनी बेळगावातल्या त्याच लॅबमध्ये, जिथं नेहमी करता तिथंच, एएफपी परत करा, सोबत एसजीपीटी आणि बिलिरुबिन ह्या लिव्हरच्या टेस्ट, आणि पोटाची सोनोग्राफी. त्या मधल्या दिवसांत मुंबईचं तिकीट नको.

आता असं का म्हणते ते सांगते, म्हणजे पुढच्या खेपेला तुम्हालाच रिपोर्ट वाचता येईल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत आकड्याच्या पुढं बारीक अक्षरात काय आहे ते बघा. बेळगावच्या रिपोर्टात आययू पर एमएल आहे आणि कोल्हापूरच्या रिपोर्टात नॅनोग्रॅम पर एमएल. ही दोन वेगळी मापं आहेत. एक आययू म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम. म्हणजे तुमचं जुनं ५.४ हे नॅनोग्रॅममध्ये मांडलं तर साडेसहाच्या आसपास होतं. तुम्ही घाबरलात ते ५.४ चं ९.८ झालं, जवळजवळ दुप्पट झालं म्हणून, पण खरी तुलना साडेसहा आणि ९.८ ची आहे. घाबरण्यातला बराचसा भाग तर नुसत्या मापाचा निघाला.

त्याच्यावर आणखी, दोन लॅबची मशीनं वेगळी आहेत. एएफपी हे एक प्रोटीन आहे आणि मशीन ते अँटिबॉडीला चिकटवून मोजतं. प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी, पद्धत वेगळी, त्यामुळं तेच रक्त दोन मशीनांवर लावलं तरी आकडा थोडा इकडंतिकडं होतोच, त्यात कुणाची चूक नसते. म्हणून तर नॉर्मलची छापील मर्यादा पण कुठं ७ असते, कुठं ८.१, कुठं ९. एका दुकानाच्या काट्यावर तोललेली भाजी दुसऱ्या दुकानात परत तोलून पहिल्याला खोटं पाडत नाही आपण, तसंच आहे हे. त्यामुळं माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की लॅब एक धरा आणि ती सोडू नका. नाइलाजानं बदलावी लागलीच तर तेच रक्त एकदा दोन्हीकडं लावून घ्या, म्हणजे नव्या लॅबचा पाया कळतो. आपल्या भागात हे पाळणं अवघड आहे हे मला माहीत आहे, निपाणीच्या माणसाला कोल्हापूर अर्ध्या वाटेवर, खानापूरच्या माणसाला बेळगाव, अथणी-कागवाडचा माणूस मिरजेला जातो, आणि सँपल कुठं घेतलं आणि प्रत्यक्ष लागलं कुठं ह्याचा पत्ताच नसतो, कारण गावातलं कलेक्शन सेंटर ते बेंगळुरूला नाहीतर मुंबईला पाठवतं. म्हणून रिपोर्टच्या तळाला बघायचं, कुठल्या लॅबमध्ये लागलं आणि पद्धत काय, सीएलआयए, ईसीएलआयए, सीएमआयए असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते दर खेपेला सारखं आहे का तेवढं बघा.

आता कावीळ. एएफपी गाठच बनवते असं नाही. बाळ पोटात असताना त्याचं लिव्हर हे प्रोटीन भरपूर बनवत असतं, जन्मानंतर हळूहळू बंद करतं. पण लिव्हरला मार बसला आणि ते परत स्वतःला भरून काढायला लागलं की नव्या पेशी तयार होताना थोडं एएफपी परत रक्तात येतं. व्हायरल काविळीतून बरं होताना हे होतं. लिव्हरचा मोठा तुकडा काढलेल्या मुलात ऑपरेशननंतर उरलेलं लिव्हर वाढतं तेव्हा पण होऊ शकतं. तुमच्या मुलाला कावीळ होऊन महिनाच झालाय, त्यामुळं ९.८ ला हे एक सरळ कारण समोर दिसतंय. एसजीपीटी अजून वाढलेलं असेल आणि ते उतरत जाईल तसं एएफपी पण उतरत गेलं तर प्रकरण मिटलं. एसजीपीटी नॉर्मल झालं आणि एएफपी मात्र चढतंच राहिलं तर मग काविळीवर ढकलून चालणार नाही. म्हणून दोन्ही एकाच दिवशी, एकाच सुईत करा म्हणते.

आणि काविळीला झाडपाल्याचं औषध दिलं असेल, नाकात थेंब घातले असतील, मुळी बांधली असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे. काही पाल्यांनी लिव्हरला इजा होते आणि मग आकडे का हलायलेत ह्याचा शोध भलतीकडंच लागत बसतो. ज्या मुलाचं अर्धं लिव्हर काढलंय त्याला तर असलं काही देऊच नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

एएफपीचं महत्त्व कुठं आहे आणि कुठं नाही हे नीट कळलं पाहिजे, कारण गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात. १९६३ मध्ये गॅरी अबेलेव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाला उंदरांच्या लिव्हरच्या गाठीत हे प्रोटीन सापडलं आणि वर्षभरातच तातारिनोव्ह ह्यांना लिव्हर कॅन्सरच्या माणसाच्या रक्तात. साठ वर्षं झाली, आणि लहान मुलांच्या गाठींत रक्तातून गाठीचा एवढा सरळ माग देणारी दुसरी टेस्ट क्वचितच आहे. हेपॅटोब्लास्टोमाच्या दहातल्या नऊ मुलांत सुरुवातीला एएफपी वाढलेलं असतं, आणि वाढलेलं म्हणजे हजारांत, लाखांत. गाठ काढली की ते उतरतं, आणि उतरण्याचा एक वेग ठरलेला आहे, साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी एक लाख असेल तर आठवड्याभरात पन्नास हजार, पुढच्या आठवड्यात पंचवीस, असं करत दहाच्या खाली यायला दोन ते तीन महिने लागतात. हे माहीत नसलं की आई-बाप ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी वीस हजारचा रिपोर्ट हातात घेऊन रडत येतात, सगळी गाठ काढली म्हणाले आणि हे काय. खरं तर ते उत्तम चाललेलं असतं. उलट उतरता उतरता आकडा मध्येच अडकला, दोनशेवर येऊन दोनशेवरच बसला, तर मात्र आम्हाला काळजी लागते, कुठंतरी काहीतरी उरलंय का.

दुसरी जागा म्हणजे जर्म सेल ट्यूमर, अंडाशयातल्या, अंडकोषातल्या, माकडहाडाजवळच्या गाठी. त्यात योक सॅक नावाचा प्रकार असेल तर एएफपी वाढतं, आणि काहींत बीटा एचसीजी हे रक्तातलं हार्मोन. एचसीजी फार लवकर उतरतं, दिवस-दीड दिवसात निम्मं, त्यामुळं ते रेंगाळलं तर लवकर लक्षात येतं. माकडहाडाजवळची गाठ घेऊन जन्मलेली बाळं, सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा म्हणतात, त्यांची गाठ बहुतेक वेळा साधी असते आणि ऑपरेशन करून घरी जातात, आणि घरचे समजतात संपलं. संपलेलं नसतं. ती काही मुलांत पुढच्या दोन-तीन वर्षांत परत येते आणि परत येताना कॅन्सर होऊन येऊ शकते, म्हणून तीन वर्षं तरी ठरावीक अंतरानं एएफपी आणि गुदद्वारातून बोट घालून तपासणी सोडायची नसते. आपल्याकडं ही मुलं फॉलोअपला येत नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ह्यात वेळेवर पकडलं तर बरं होण्याची आशा चांगली असते. तुमच्या ओळखीत असं कुणाचं बाळ असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

पण इथं एक खड्डा आहे. तान्ह्या बाळाचं एएफपी मुळातच प्रचंड असतं. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात सरासरी ४८,००० च्या आसपास, कमी दिवसांच्या बाळात लाखाच्या वर, महिन्याच्या बाळात सरासरी अडीच हजाराच्या पुढं, तीन महिन्यांच्या बाळात शंभरच्या आत, आणि आठ-दहा महिन्यांत ते मोठ्या माणसाएवढं होतं, काही बाळांना त्याहून वेळ लागतो. बाळाबाळात फरक पण खूप. लॅबचं कॉम्प्युटर मात्र मोठ्या माणसाची मर्यादा छापतं, आणि दोन महिन्यांच्या ठणठणीत बाळाच्या रिपोर्टवर तीनशे आकडा आणि 'एच' येतो. संकेश्वरकडच्या एका बाळंतिणीला गावातल्या कुणीतरी असा रिपोर्ट बघून लिव्हर कॅन्सर सांगितला होता. बाळाचं माकडहाडाजवळचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले, आकडा वयाला अगदी बरोबर, आधीचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले तर उतरता आलेख स्वच्छ दिसत होता. तिला कागदावर तीन टिंबं काढून रेघ ओढून दाखवली तेव्हा कुठं तिनं बाळाला पदराखाली घेतलं. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाचं एएफपी वयाच्या तक्त्याशीच ताडून बघायचं आणि खाली येतंय का एवढंच बघायचं.

आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते. आकडा खरोखर चढायला लागला तर?

चढणं म्हणजे काय ते आधी. ८, ११, ९, १० हे चढणं नाही, ही हलती रेघ आहे. ८, १५, ३१, ७० हे चढणं, आणि तेही काही आठवड्यांत, एकाच लॅबमध्ये, लिव्हरच्या बाकी टेस्ट नॉर्मल असताना. दुसऱ्यांदा वाढलं की आम्ही स्कॅन मागवतो, तिसऱ्याची वाट बघत महिना घालवत नाही. आणि स्कॅन म्हणजे फक्त पोटाचा नव्हे. हेपॅटोब्लास्टोमा परत येतो तेव्हा फुप्फुसात येण्याचं प्रमाण मोठं आहे, नाहीतर लिव्हरमध्ये, आणि बहुतेक वेळा उपचार संपल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्यामुळं पोटाचा एमआरआय किंवा सीटी आणि छातीचा सीटी. छातीचा साधा एक्स-रे पुरत नाही, चार-पाच मिलिमीटरचा ठिपका त्यात दिसत नाही. चिकोडीकडचा एक मुलगा आमच्याकडं होता, एएफपी ७ वरून १९, मग ४६, पोटाची सोनोग्राफी कोरी, एक्स-रे कोरा, मुलगा अंगणात सायकल फिरवत होता, वडील म्हणाले डॉक्टर, ह्याला काय झालंय म्हणता, बघा तरी त्याच्याकडं. छातीच्या सीटीत उजव्या बाजूला एक बारीक ठिपका होता. सर्जननी तो काढला, केमोचा पुढचा कोर्स दिला, आकडा खाली गेला. मुलाला तेव्हा खोकलासुद्धा नव्हता. एएफपीची खरी किंमत ही आहे, मूल आजारी दिसायच्या आधी ते सांगतं. आणि परत आलेला हेपॅटोब्लास्टोमा म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही, एका-दोन जागी असेल आणि सर्जरीनं पूर्ण निघत असेल तर मुलं बरी होतात, म्हणून तर लवकर पकडायची धडपड.

सगळ्यात कठीण काळ असतो तो आकडा चढतोय आणि सगळे स्कॅन कोरे. हे होतं, कारण रक्त आधी बोलतं आणि स्कॅनमध्ये दिसायला गाठीला थोडं मोठं व्हावं लागतं, कधी काही आठवडे, कधी महिने. अशा वेळी आई-बाप म्हणतात केमो तरी चालू करा, काहीतरी करा. मी सहसा थांबते. थांबणं म्हणजे विसरणं नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी एएफपी, महिना-दीड महिन्यानं परत स्कॅन, गरज वाटली तर पेट स्कॅन, आणि हे सगळं मोठ्या सेंटरच्या टीमशी बोलून. कारण गाठ कुठं आहे हेच माहीत नसताना केमो दिली तर आकडा थोडा खाली येतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि जी गाठ सर्जननं काढायला हवी होती ती काही दिवस लपून बसते. हे आईला समजावणं फार अवघड असतं, मला माहीत आहे, पण ह्या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

आणि ह्याची दुसरी बाजू, आकडा नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. काही गाठी परत येताना एएफपी बनवणं सोडून देतात. सुरुवातीलाच ज्या मुलाचं एएफपी वाढलेलं नव्हतं त्याच्यात तर ह्या टेस्टचा फॉलोअपला फार उपयोग नाही, त्याचं स्कॅनवरच बघावं लागतं. म्हणून निदानाच्या वेळचा पहिला रिपोर्ट जपून ठेवा, तो लाखाच्या नोटेपेक्षा मोलाचा आहे. त्या पहिल्या रिपोर्टात पण एक भानगड असते, एएफपी फारच जास्त असलं, लाखांत, तर काही वेळा मशीनच्या अँटिबॉडी भरून जातात आणि आकडा खोटा कमी दाखवला जातो. पोटात एवढी मोठी गाठ आणि एएफपी मात्र साधं, असं असेल तर आम्ही लॅबला फोन करून सँपल पातळ करून परत लावायला सांगतो. पोट परत कडक लागलं, वजन घटलं, भूक मेली, खोकला जात नाही, तर रिपोर्ट कितीही चांगला असू दे, मुलाला घेऊन या.

एक गोष्ट जी कुणीच विचारत नाही, बायोटिन. केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून मेडिकलमधून केसांच्या गोळ्या, गमी, सिरप आणून देतात, त्यात बायोटिन असतं, आणि काही मशीनांवर त्यामुळं एएफपी आणि एचसीजी खोटं कमी येतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये बायोटिनबद्दल सगळ्यांनाच सावध केलं होतं. म्हणजे चढणारा आकडा झाकला जाऊ शकतो. केस येतातच, गोळी न देता येतात. देत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस तरी बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

पॅकेजबद्दल. करू नका. सीईए, सीए १२५, सीए १९-९ हे मोठ्या माणसांच्या कॅन्सरसाठीचे मार्कर, म्हणजे रक्तातल्या खुणा, तेही फॉलोअपसाठी. लहान मुलात ह्यांचा जवळजवळ उपयोग नाही, आणि पोटाचा टीबी, साधी सूज, असल्या कशानेही ते वाढतात. मग नको तिथं एक 'एच' येतो, त्याच्यासाठी स्कॅन होतो, स्कॅनमध्ये आणखी काहीतरी बारीक दिसतं, आणि एका चांगल्या मुलाला विनाकारण सुया टोचत बसतो आपण. लॅबमधला पोरगा वाईट माणूस असतो असं नाही, त्याला सांगितलेलं असतं तेच तो सांगतो. पण तुमच्या मुलाला कुठली टेस्ट लागते हे त्याच्या गाठीवरून ठरतं, आणि ती गाठ ज्यांनी बघितलीय तेच सांगू शकतात.

एलडीएच, फेरिटिन, एनएसई ह्या रक्ताच्या आणखी टेस्टचे रिपोर्ट पण लोक घेऊन येतात. एलडीएच आणि एनएसई दोन्ही लाल पेशींच्या आत असतात, सुईच्या ओढाताणीत किंवा सँपल एसटीच्या डिकीत हिंदकळत आलं की पेशी फुटतात आणि दोन्ही वाढलेले दिसतात. फेरिटिन साध्या तापात वाढतं. ह्यांचा निदानाच्या वेळी काही आजारांत उपयोग होतो, पण गाठ परत आली का हे ठरवायला मी ह्यांच्यावर भरवसा ठेवत नाही. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा आणखी एक कॅन्सर, त्याचा मार्कर तर रक्तापेक्षा लघवीत बघतात, व्हीएमए आणि एचव्हीए हे पदार्थ, क्रिएटिनिनच्या प्रमाणात, आणि तिथंही परत येणं बहुतेक वेळा स्कॅननं नाहीतर मुलाच्या दुखण्यानंच कळतं, पाय दुखतो, लंगडतोय, डोळ्याभोवती काळं-निळं. रक्तातले डीएनएचे तुकडे, मायक्रोआरएनए ह्यांच्यावर जगभर काम चाललंय, जर्म सेल ट्यूमरमध्ये त्यातलं मिर-३७१ आशादायक आहे, पण रोजच्या फॉलोअपमध्ये आपल्याकडं ते अजून आलेलं नाही, कुणी विकत असेल तर आधी विचारा.

किती दिवसांनी करायचं? हेपॅटोब्लास्टोमात साधारण पहिलं वर्ष महिन्याला एकदा, दुसऱ्या वर्षी दोन-तीन महिन्यांनी, मग अंतर वाढवत जातात, प्रत्येक सेंटरचं वेळापत्रक थोडं वेगळं, तुमच्या फाईलवर लिहिलेलं असेल तेच पाळा. मुंबईला टाटाला किंवा बेंगळुरूला किदवईला उपचार झाले असतील तर दर खेपेला तिथं जायची गरज नसते, रक्त इथं करून रिपोर्ट पाठवायची सोय बहुतेक डॉक्टर करून देतात, तसं त्यांना स्पष्ट विचारा. बेळगावात केएलई आणि बिम्स ही हॉस्पिटलं आहेत, हुबळीला नवनगरचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिकीट, राहणं, बुडालेली मजुरी ह्यापायी फॉलोअप सुटतो, आणि सुटलेला फॉलोअपच घात करतो. सरकारी योजनेतून फॉलोअपचं काय मिळतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, आणि विचारताना रेशन कार्ड, आधार दोन्ही जवळ ठेवा.

एक वही करा, साधी दोनशे पानी. तारीख, लॅब, आकडा, माप, पद्धत, आणि शेजारी त्या महिन्यात मुलाला काय झालं, ताप, कावीळ, कुठलं औषध. नाव सगळीकडं एकसारखं लावा, आपल्याकडं एका रिपोर्टात आडनाव आधी, दुसऱ्यात वडिलांचं नाव, तिसऱ्यात घरातलं लाडाचं नाव, आणि मग हा रिपोर्ट ह्याच मुलाचा का इथून सुरुवात होते. रिपोर्ट मोबाईलमध्ये असला तरी कागद ठेवा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी वही हातात असली की पाच मिनिटांत सगळं कळतं.

रिपोर्टाच्या आदल्या रात्री झोप न लागणं, रक्त दिल्यापासून आकडा येईपर्यंत पोटात गोळा, हे सगळ्या आयांना होतं ताई, वर्षं गेली तरी होतं. आमच्याकडच्या काही आया रिपोर्ट स्वतः उघडत नाहीत, सरळ आम्हाला पाठवायला सांगतात, आम्ही बघून फोन करतो. तुम्हालाही तसं चालत असेल तर डॉक्टरांशी ठरवून घ्या. आजीला मात्र घरात मुलासमोर गाठ परत आली असं म्हणू नका म्हणावं, तीन वर्षांच्या पोराला शब्द कळत नसले तरी तोंडं कळतात.

शेजारच्या मुलीचं. किडनीची गाठ म्हणजे बहुधा विल्म्स, लहान मुलांचा किडनीचा कॅन्सर, असणार, फाईलवर बघून खात्री करा. विल्म्सला परत येणं दाखवणारी रक्ताची टेस्ट नाही, त्यामुळं तिचं एएफपी करून काहीच कळणार नाही, नॉर्मल आलं तरी त्याचा अर्थ शून्य, आणि तेच धोक्याचं आहे, कारण रिपोर्ट चांगला आला म्हणून सोनोग्राफी टाळली जाते. तिला पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे लागतो, पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, कारण ती गाठ परत आली तर बहुतेक ह्याच काळात येते आणि फुप्फुसात येते. सोबत बीपी आणि लघवीची साधी तपासणी, कारण तिच्याकडं आता एकच किडनी आहे. तिच्या आईला विचारा शेवटची सोनोग्राफी कधी झाली, आणि तीन महिन्यांच्या वर झाले असतील तर तुम्ही तुमच्या मुलाला घेऊन बेळगावला याल त्याच दिवशी तिलाही सोबत आणा.